कर्टिसच्या आईला दिलेलं उत्तर

ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. म्हणजे — थांबा, हेही पूर्ण खरं नाही. अर्धी गोष्ट मी कितीतरी वेळा सांगितली आहे, आणि सांगून लोकांना हसवलं आहे. उरलेली अर्धी मात्र बायकोला नाही, आईला नाही, सैन्यातून बाहेर पडताना ज्या डॉक्टरने समोर बसवून "मनात काही आहे का?" असं विचारलं, त्यालाही नाही. त्याला मी म्हटलं होतं, झोप नीट लागते. तीही थापच होती.

आधी ती हसण्याची अर्धी सांगतो. आम्ही जर्मनीत नेकारसुल्मला राहतो. माझी बायको मृणाल गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे, मी एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. इथल्या मराठी कुटुंबांत माझी ओळख एकच — "हे अमेरिकन आर्मीत होते बरं का!" मग जेवायला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "अहो, ती कुकरची गोष्ट सांगा ना." आणि मी सांगतो. बरॅकमधला माझा रूममेट कर्टिस, काळा, उंचापुरा. त्याला मी वरण-भाताची चटक लावली. एकदा मी नसताना त्याने माझा कुकर लावला, शिट्टी हा काय प्रकार असतो ते त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही, आणि मग — धडाम! डाळ छताला! मी दोन्ही हात उडवून दाखवतो. लोक पोट धरून हसतात. मृणालला तर गोष्ट इतकी पाठ आहे की शेवटचं वाक्य ती माझ्याआधी म्हणते.

गेल्या दिवाळीच्या जेवणात आमची ईरा माझ्या शेजारी बसून ऐकत होती. दहा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. हशा ओसरल्यावर तिने विचारलं, "उंड वास वुर्डे आउस ईम, बाबा?" आणि त्याचं पुढे काय झालं?

इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, पण हा प्रश्न एकाही मोठ्या माणसाला पडला नव्हता. मी म्हटलं, "जेव आधी." ती जेवली. मी वाढायला उठलो.

आज रविवार आहे, दुकानं बंद, मायलेकी पोहायला गेल्यात. म्हणून बसलोय लिहायला. बघू कुठवर जमतं ते.

मी अमेरिकेच्या सैन्यात गेलो तो देशप्रेमाने नाही — कुठल्या देशाचं प्रेम म्हणायचं? शिकायला गेलो होतो. शिक्षण संपलं आणि मंदी आली. नोकरी नाही, व्हिसाची मुदत गळ्याशी आलेली, घरी परत जायची लाज. त्या काळात सैन्य काही परदेशी विद्यार्थ्यांना घेत होतं, ठरावीक भाषा येत असल्या तर. मला हिंदी येत होती, उर्दू बऱ्यापैकी समजत होती. प्रशिक्षण संपताच नागरिकत्व मिळालं. अट एकच, पाच वर्षं अब्रूने काढायची. बदनाम होऊन बाहेर पडलात तर दिलेलं परत घेता येतं. हे वाक्य मी उशाशी घेऊन झोपायचो. पोस्टिंग मिळालं जर्मनीत, एका डोंगराळ भागातल्या अमेरिकन तळावर. पुढचा टप्पा अफगाणिस्तान, हे सगळ्यांना माहीत होतं.

ते युद्ध तोवर सगळ्यांनाच नकोसं झालं होतं. फाटकाबाहेर जर्मन म्हातारे-म्हाताऱ्या फलक धरून गुपचूप उभ्या असायच्या. गावातल्या बेकरीतली बाई पाव देताना नजर टाळायची. आतल्यांनाही नकोच होतं. पण कुणी कुठे जायचं हे मात्र ठरत होतंच, आणि ते कसं ठरतं हे समजायला मला फार दिवस लागले नाहीत. ट्रक चालवणारे, इंधन भरणारे, रस्त्यावरून पुढे जाणारे — त्यात काळी पोरं, मेक्सिकन पोरं, आणि कारखाना बंद पडलेल्या गावांतली गोरी पोरं. लेफ्टनंट त्यांच्याच वयाचा, वकिलाचा मुलगा. त्याच्यासाठी हे सगळं म्हणजे पुढे कामाला येणारा अनुभव. दोन पोरं सकाळी उशिरा आली तर एकाला टपली मिळायची आणि दुसऱ्याची शिस्तभंगाची नोंद व्हायची. कोणाला काय, ते तुम्ही ओळखलंत ना? कर्टिस याला "हवामान" म्हणायचा. "आज हवामान कसं आहे?" असं विचारत तो सार्जंटच्या खोलीत डोकवायचा.

आणि मी? मी गव्हाळ. मला कुठल्या खान्यात घालायचं ते त्यांना कळेना. मग मीच त्यांना मदत केली. इंग्रजी जरा जास्तच नीट बोलायला लागलो. माझ्या डिग्रीचा विषय कुठून तरी काढायला लागलो. जेवणाच्या हॉलमध्ये कर्टिसच्या टेबलावर बसणं हळूहळू कमी केलं — खोलीत मित्र, हॉलमध्ये नुसती मान हलवायची. सार्जंट मला "प्रोफेसर" म्हणायला लागला, बाकीचे "अँडी". कॅप्टन एकदा म्हणाला, "तुमचे लोक हुशार असतात आणि लफड्यात पडत नाहीत." मला गुदगुल्या झाल्या. काय खोटं सांगू!

मी वाढलो साखर कारखान्याच्या कॉलनीत. तिथे कुणाची काच फुटली की आधी नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या पोरांना दम दिला जायचा. काच बहुतेकदा आम्हीच फोडलेली असायची. आम्ही साळसूदपणे बाजूला उभे. म्हणजे ही गोष्ट मला अमेरिकेने शिकवली नाही. मी ती येतानाच घेऊन आलो होतो.

कर्टिस दोनदा युद्धावर जाऊन आला होता. त्याच्या एका कानाला कमी ऐकू यायचं, आणि दार आपटलं की तो दचकायचा. त्याला पुढे कॉलेज करायचं होतं. त्याच्या गावात त्यासाठी सैन्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता. तुकडी पुढे गेली की काही थोडी माणसं तळ सांभाळायला जर्मनीत मागे राहतात. या खेपेला आमच्या कचेरीतून दोघांना मागे ठेवायचं होतं. एक मी — कॉम्प्युटरमुळे. दुसरा कर्टिस, असं सार्जंटने स्वतः त्याला सांगितलं होतं. त्या दिवशी तो खोलीत शिट्टी वाजवत बूट पुसत बसला होता, आणि आईला फोन करून दोनदा तेच तेच सांगत होता.

आता कुकर.

खोलीत विजेची शेगडी ठेवायला सक्त मनाई होती. माझ्या कपाटात ती होती, आईने दिलेला छोटा कुकरही होता. शेगडी माझी, कुकर माझा, तुरीची डाळ फ्रँकफर्टहून मी आणलेली. त्या रविवारी दुपारी डाळ-तांदूळ मीच लावले. कर्टिस पहारा देऊन आलेला, भिंतीकडे तोंड करून झोपलेला. आणि मी आईला फोन करायला खाली अंगणात गेलो, कारण खोलीत रेंज मिळायची नाही.

यात चूक कुठे झाली ते फक्त आपल्यालाच कळेल. आपल्या घरी कुकर लावला की कुणी त्याच्याजवळ उभं राहतं का? तुम्ही अंगणात असा, गच्चीवर असा, शेजारी असा — तीन शिट्ट्या झाल्या की पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. मी त्या शिट्टीच्या भरवशावर खाली गेलो. पण ती जुनी जर्मन इमारत, हातभर जाड भिंती, दुहेरी काचा. शिट्टी कुठली ऐकू यायला! आई आत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगत होती, मी "हं, हं" करत होतो, आणि वर कुकरमधलं पाणी संपत होतं.

आवाज मात्र अंगणातही आला.

पुढचं मला कर्टिसने नंतर सांगितलं. स्फोट झाला तेव्हा तो झोपेतून थेट पलंगाखाली गेला. किती वेळ तिथे होता ते त्याला आठवत नव्हतं. मग धुराचा वास आला. शेगडीशेजारी माझा टॉवेल होता, तो पेटला होता, पडद्याच्या कडेनेही पेट घेतला होता. त्याने घोंगडी टाकून ती आग विझवली, शेगडी हातानेच ओढून बाजूला केली, आणि उजवा तळवा भाजून घेतला. तोवर भोंगा वाजला. सगळी इमारत अंगणात जमली. सगळ्यात शेवटी तो आला — अनवाणी, हात छातीशी धरून, अंगावर डाळीचे शिंतोडे. सार्जंटने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, काय ते समजल्यासारखी. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी कर्टिसजवळ गेलो. तो माझ्यावर ओरडला नाही. हळूच म्हणाला, "जा आणि सांग तुझं होतं म्हणून. तुला ओरडतील. मला पाठवतील."

इतकं साधं गणित होतं, आणि ते बरोबर होतं. त्या हवामानाचा त्याला माझ्यापेक्षा जास्त अनुभव होता. मी म्हटलं, "हो, हो. सांगतो." त्याच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला. तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो — निदान मला तसं वाटत नव्हतं.

सोमवारी सकाळी कॅप्टनने मला आधी बोलावलं. खुर्ची दिली. विचारलं, "अँडी, ते भांडं तुझं आहे, असं दिसतंय?"

"हो सर," मी म्हटलं. मनात एकदम सगळं आलं. पाच वर्षं, अब्रू, नागरिकत्व, कॉलनीतले लोक, आत्या. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, पण कॅप्टननेच मला हात दिला. म्हणाला, "म्हणजे तुझ्या वस्तू तो वापरतो?"

बघा, दार त्यानेच उघडलं. मी नुसतं गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. नुसतं जमिनीकडे बघितलं असतं तरी त्याने हवं ते समजून घेतलं असतं. पण मी गप्प बसलो नाही. मी म्हटलं, "हो सर. मी त्याला बऱ्याचदा सांगितलं होतं, करू नकोस म्हणून."

हे जास्तीचं वाक्य कुठून आलं? ते कुणी मागितलं नव्हतं. पहिला भाग भीतीने बोललो, असं म्हणता येईल एकवेळ. पण दुसरा? तो मी शहाणा दिसावा म्हणून बोललो. आणि त्याच वाक्याने कर्टिसचा घात झाला, कारण नुसती चूक असती तर शिक्षा झाली असती आणि विषय संपला असता. बजावूनही ऐकत नाही म्हटल्यावर तो बेभरवशाचा ठरला. बेभरवशाच्या माणसाला तळ सांभाळायला मागे कोण ठेवणार?

माझ्यानंतर कर्टिस आत गेला. त्याने खरं सांगितलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या बाहीवरची एक पट्टी जाणार, म्हणजे हुद्दा उतरणार, हे ठरलं होतं, आणि त्याचं नाव पुढे जाणाऱ्यांत गेलं होतं. मी व्हरांड्यात उभा होतो. तो माझ्यासमोर थांबला. मला वाटलं मारेल, आणि खरं सांगतो, मारावं असंच वाटत होतं. तो नुसता म्हणाला, "हवामान," आणि निघून गेला.

त्याने खोली बदलून घेतली. महिन्याभरात तुकडी गेली. बस सुटताना मी गोदामात सामान मोजत होतो. मुद्दाम ते काम मागून घेतलं होतं. मी मागे राहिलो हे कळल्यावर आईने देवीची ओटी भरली, कॉलनीभर पेढे वाटले. फोनवर रडत म्हणाली, "देवीनं ऐकलं रे माझं." मी म्हटलं, "हो आई." पेढे चांगले होते का, असंही विचारलं.

तर हा माझा गुन्हा, असं तुम्हाला वाटत असेल. मीही कित्येक वर्षं इथेच येऊन थांबायचो. घाबरट पोरगा, परका देश, वरिष्ठाने पुढे केलेलं आयतं उत्तर — इथवर स्वतःकडे बघता येतं. वाईट वाटतं, पण बघता येतं. मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे, आणि आत्ता हा परिच्छेद लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आलोय.

हिवाळ्यात कर्टिसचा ट्रक सुरुंगावर गेला. त्याला विमानाने जर्मनीतल्या लष्करी रुग्णालयात आणलं. मागे राहिलेल्यांचं एक काम असायचं — जखमी सहकाऱ्याला कपडे, दाढीचं सामान असं नेऊन द्यायचं. पण त्याला त्यातलं काहीच लागणार नव्हतं. तो अमेरिकेपर्यंतचा प्रवास झेपण्याच्या स्थितीत नव्हता, म्हणून सैन्याने त्याच्या आईलाच इकडे बोलावून घेतलं. आमचा अधिकारी म्हणाला, "अँडी, तू त्याचा रूममेट होतास ना? तूच जा तिला आणायला."

फ्रँकफर्ट विमानतळावर ती एक लहानशी बॅग घेऊन उभी होती. पातळ कोट, कामावर घालायचे रबरी तळव्याचे बूट. शाळेची बस चालवायची ती. आउटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, शेजारच्या गाड्या सुसाट जायला लागल्या की तिचा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबायचा. मग म्हणाली, "तू तो भात करणारा मुलगा. त्याने सांगितलं होतं मला. तू त्याच्याशी चांगला वागायचास." मी आरशात बघून लेन बदलली.

खोलीत यंत्राचा आवाज होता. कर्टिसच्या चेहऱ्याची एकच बाजू उघडी होती. नर्स बाहेर जाताना म्हणाली, बोला त्याच्याशी, ऐकू येत असेल कदाचित. त्याची आई खुर्ची ओढून त्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला बसली. कुठला कान बरा ते तिला बरोबर माहीत होतं. मी पायथ्याशी उभा.

थोड्या वेळाने ती त्याच्यावरची नजर न काढता माझ्याशी बोलायला लागली. म्हणाली, "ती आग लागली तेव्हा त्याने मला फोन केला होता. म्हणाला, ममा, मी नाही केलं ते. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस, कॅप्टन कशाला खोटं बोलेल? आठ वर्षांचा असल्यापासून हा भावंडांना शिजवून घालतोय, कधी दूधसुद्धा उतू जाऊ दिलं नाही — तरी मी त्याचं ऐकलं नाही. त्यानंतर आम्ही धड बोललोच नाही. चिडला होता माझ्यावर."

मग तिने मान वळवली. "तू तिथे होतास, बाळा. मला खरं सांग. त्याच्याकडून झालं होतं का ते?"

आता मला सांगा, इथे मला कसली भीती होती? त्या थकलेल्या बाईने माझं काय वाकडं केलं असतं? ती कुणाकडे तक्रार करणार होती? कॅप्टन हजारो मैल दूर. खोलीत चौथं माणूस नव्हतं. मी "नाही" म्हटलं असतं, तर तिला तिचा मुलगा परत मिळाला असता — जिवंत नाही, पण खरा. आणि त्यालाही, ऐकू येत असेल तर, ते ऐकू आलं असतं. एक शब्द होता. तिने मला तो जवळजवळ हातात दिला होता.

"हो," मी म्हटलं. आणि पुन्हा ते जास्तीचं वाक्य, या खेपेला मऊ आवाजात: "पण चूक होती ती. कुणाकडूनही झाली असती."

का? मी खूप शोधलं. तिच्या नजरेत मी चांगला मुलगा होतो, आणि मला तेवढंही सोडवेना. एवढंच सापडलं.

तिने डोळे मिटले. मग वाकून त्याच्या कानाशी गेली आणि म्हणाली, "असू दे, बाळा. ते तू केलंस आणि माझ्याशी खोटं बोललास, तरी असू दे. मी तुला माफ केलं." हे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, त्याच्या केसांवरून हात फिरवत. मी पलंगाची दांडी धरून ते सगळं ऐकलं. त्याने ऐकलं की नाही, ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

विमानतळावर तिला परत सोडायलाही मीच गेलो. आत जाण्याआधी तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, शेवटी त्याच्याजवळ घरचं कुणीतरी होतं, आणि एक मित्र होता. मग पर्समधून पेन काढलं. माझ्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना करायची होती तिला, आणि त्यासाठी अँडी चालणार नव्हतं. खरं नाव हवं होतं. मी म्हटलं, अनिरुद्ध. तिला ते लिहिता येईना, म्हणून मी एकेक अक्षर सावकाश सांगितलं.